कांदळवनात फिरायला जाताय? ठाणे खाडीत काय करावं आणि कधी, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी सोसायटीतल्या, शाळेतल्या आणि नात्यातल्या मंडळींना ठाणे खाडीच्या कांदळवनात घेऊन जाते. निघायच्या आधी आठवडाभर फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. बोट करू का, मुलं कंटाळतील का, आईला झेपेल का, फ्लेमिंगो नक्की दिसतील ना. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. काही प्रश्नांना दोन ओळी पुरल्या. भरतीच्या प्रश्नावर मात्र बरंच लिहिलं आहे, कारण तो नीट समजला की बाकीचे अर्धे प्रश्न पडतच नाहीत.

तिवर, खारफुटी, कांदळवन हे सगळं एकच का?

बोलताना आपण एकाच अर्थाने वापरतो, पण थोडा फरक आहे. भरतीच्या खाऱ्या पाण्यात आणि चिखलात वाढणाऱ्या झाडांना मिळून खारफुटी म्हणतात आणि अशा झाडांचं जंगल म्हणजे कांदळवन. तिवर आणि कांदळ ही त्यातल्या दोन झाडांची नावं. ठाणे खाडीत सगळ्यात जास्त दिसते ती तिवर. लोकलच्या खिडकीतून किंवा वाशीच्या पुलावरून जी हिरवी-करडी झाडी दिसते ती बहुतांशी तिवरांची. त्यांच्याबरोबर चिप्पी, काजळा, गेवा आणि काटेरी पानांची, जांभळ्या फुलांची मारांडी असते. यातली पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. असा कांदळवृक्ष जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य.

नेमकं जायचं कुठे?

पहिल्यांदा जात असाल तर ऐरोलीला, वन विभागाच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात. ते २०१७ मध्ये सुरू झालं. तिथे माहितीचं दालन आहे, कांदळवनातून जाणारी लाकडी वाट आहे आणि दिवा जेट्टीवरून बोटी सुटतात. समोर पसरलेलं पाणी आणि झाडी म्हणजे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. २०१५ साली ते जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र जवळपास १,६९० हेक्टर होतं, त्यात साधारण ८९६ हेक्टर कांदळवन आणि बाकी पाणी. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातलं हे तिसरं रामसर स्थळ.

खाडीपलीकडे भांडुप पंपिंग स्टेशनचा भाग आहे, पक्षी बघणारे जुने लोक तिथेच जातात. पण घरच्यांना घेऊन पहिल्यांदा निघत असाल तर ऐरोलीच बरी. बसायला जागा असते आणि कुणी दमलं तर सावलीत थांबता येतं.

आधी काय ठरवायचं? तारीख, बोट की किती जण येणार ते?

आधी भरतीची वेळ बघा. बाकी सगळं त्यानंतर.

खाडीत दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात, म्हणून भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. या रविवारी दुपारी बाराला भरती असेल तर पुढच्या रविवारी ती सहाच्या सुमाराला असणार. म्हणजे बारा वाजता जिथे बोट तरंगत होती, तिथे आठ दिवसांनी त्याच वेळेला नुसता चिखल. दोन्ही दिवस बघण्यासारखे असतात, फक्त बघायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना हिशोब आहे, तो घरातल्या कालनिर्णयावरही करता येतो. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या आसपास. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा आकडा दिवसाचाही आणि रात्रीचाही, कारण दुसरी भरती तिथून साधारण साडेबारा तासांनी येते. ओहोटी दोन भरत्यांच्या मधोमध, सहा तासांनी. हा अंदाज मुंबईच्या किनाऱ्याचा आहे. पाणी खाडीतून आत ऐरोलीपर्यंत यायला आणखी थोडा वेळ लागतो. बोटीची वेळ ठरवताना भरतीचं छापील कोष्टक किंवा मोबाइलवरचं वेळापत्रक बघावंच, पण महिनाभर आधी कुठला रविवार बरा हे या हिशोबाने चुटकीसरशी कळतं.

मला हे फार महागात शिकावं लागलं. सोसायटीतले बावीस जण मिळून निघालो होतो. सहल ठरवून देणाऱ्याने सांगितलं होतं, बोट कधीही मिळते, सकाळी दहाला पोचा. आम्ही दहाला पोचलो. पंचमी होती. पाणी पार उतरलेलं, बोट एका अंगावर कलून चिखलात बसलेली आणि तिच्या दोरावर एक वंचक बगळा उभा. जेट्टीवरचे काका म्हणाले, "ताई, पाणी तीनच्या पुढे येईल." आमची बस दीडला परत निघणार होती. मुलं रडवेली झाली. वर्गणी काढून आलेली माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला काय बोलावं सुचेना. त्या दिवशी ज्यांचं बरं झालं ते फक्त आमच्या मजल्यावरच्या आजी आणि त्यांचा नातू यांचं. ते दोघं लाकडी वाटेवर बसून तासभर खालच्या चिखलातल्या निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे मासे, बघत राहिले. निवट्या बघायला ओहोटीच लागते. आम्ही चुकीच्या वेळी आलो नव्हतो, त्या वेळी जे बघायचं ते सोडून दुसरंच मागत होतो. तेव्हापासून मी आधी तिथी बघते आणि मग लोकांना तारीख कळवते.

बोट घ्यावी की लाकडी वाटेवरून चालावं?

भरतीला बोट, ओहोटीला वाट. दोन्ही हवं असेल तर मधली वेळ गाठा. पाणी चढत असताना आधी वाटेवरून चाला आणि मग बोटीत बसा.

बोट साधारण तासाभराची असते. खाडीच्या मोकळ्या भागात नेते, दोन्ही काठांची झाडी लांबून दिसते आणि पाणी पूर्ण चढलेलं नसेल तर चिखलाच्या पट्ट्यांवर पक्ष्यांचे थवे. अगदी भर भरतीला चिखल झाकला जातो आणि खाणारे पक्षी उडून जातात, त्यामुळे निवड करता आली तर भरतीच्या आधीची फेरी मागा. आरक्षण आधी करावं लागतं. हंगामात शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात. शक्य असेल तर आठवड्यातला मधला दिवस धरा, गर्दी आणि आवाज दोन्ही कमी असतात.

लाकडी वाट मात्र लोक उगाच दुय्यम समजतात. बोटीतून जंगल दिसतं, वाटेवरून त्याच्या आत जाता येतं. तिवरांची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ वर आलेली असतात. एका झाडाची हजारो. चिखलात हवा खेळत नाही, म्हणून मुळंच वर येऊन श्वास घेतात. आणि भर दुपारी तिवरीचं जुनं पान नुसतं वळवून उन्हात धरा. पानावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतील. खारं पाणी शोषून घेतल्यावर जास्तीचं मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकतं. पान तोडायचं नाही, फांदीवरच बघायचं.

फ्लेमिंगो कधी येतात? नक्की दिसतील का?

साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात आणि मे अखेर, पाऊस तोंडावर आला की जातात. थवे मोठे बघायचे असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल. थंडी संपली म्हणजे हंगाम संपला असं बऱ्याच जणांना वाटतं, ते खरं नाही. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) मोजणीत मुंबई-ठाणे परिसरात एकाच हंगामात लाखाहून जास्त फ्लेमिंगो मोजले गेले आहेत. तरीही हमी कुणी देऊ शकत नाही आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

मराठीत यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. आपल्याकडे दोन जाती येतात. लहान रोहित उंचीला तीनेक फूट, गडद गुलाबी आणि चोच इतकी गडद लाल की लांबून काळीच दिसते. मोठा रोहित चार-पाच फुटांपर्यंत उंच, अंगाने जवळजवळ पांढरा, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं. चोच बघितली की ओळखताना चूक होत नाही. लहान रोहित पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो आणि त्याचा गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो. पिल्लं करड्या-तपकिरी रंगाची असतात. त्यांना आजारी समजून हळहळणारे लोक दरवर्षी भेटतात.

आणखी एक गोष्ट सांगते. लांब लालगुलाबी पायांचा, काळ्या पंखांचा छोटा पक्षी दिसला आणि कुणी "फ्लेमिंगोचं पिल्लू" म्हणालं तर तो शेकाट्या असतो.

फ्लेमिंगो दिसलेच नाहीत तर दिवस फुकट?

मुळीच नाही. हिवाळ्यात खाडीत काय नसतं! उचाट्या, पाणटिवळे, तुतारी, कुरव (सीगल), काळ्या डोक्याचा शराटी, चित्रबलाक, मासे धरायला वरून झेपावणारा कैकर. खंड्या तर जेट्टीच्या खांबावरच बसलेला असतो. पक्ष्यांची नावं येत नसली तरी चालतं. एक पक्षी निवडा आणि तो दहा मिनिटं काय करतो ते नुसतं बघा.

माझ्या मते मात्र या जंगलातला सगळ्यात बघण्यासारखा प्राणी निवटी आहे. हा मासा आहे, पण ओहोटीला पाण्याबाहेर चिखलावर फिरतो. पुढच्या परांवर रेटा देत सरकतो आणि मध्येच उडी मारतो. कल्ल्यांत पाणी साठवून आणतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून अंग वाळू देत नाही. थोड्या वेळाने कूस बदलून चिखलात लोळतो, डोळे आत ओढून ओले करतो आणि परत वर काढतो. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर ताठ उभा करतात, तोंड वासतात आणि एकमेकांना ढकलतात. वाटेच्या कठड्याला टेकून, सावली चिखलावर पडू न देता पाच मिनिटं गप्प उभं राहिलात तर बिळांत गेलेल्या निवट्या एकेक करून बाहेर येतात. आधी फक्त दोन डोळे दिसतात.

त्याच चिखलात फिडलर खेकडे असतात. नराचा एक आकडा, म्हणजे नांगी, अंगाएवढा मोठा, दुसरा लहान. मोठा आकडा वर-खाली हलवून तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला दम देतो. खायला फक्त लहान आकडा उपयोगी पडतो. मादीला दोन्ही लहान, त्यामुळे ती दोन्ही आकड्यांनी खाते.

लहान मुलं कंटाळतील का?

पाच-सहा वर्षांखालची मुलं बोटीत अर्ध्या तासानंतर चुळबुळ करायला लागतात. त्यांच्यासाठी ओहोटीची वेळ आणि लाकडी वाट निवडा. चिखल, खेकडे, उड्या मारणारे मासे हे सगळं त्यांच्या उंचीवरून जास्त छान दिसतं. बोट आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांना मनापासून आवडते.

मुलांना "शांत बसा" म्हणून काही होत नाही, काम द्यावं लागतं. वहीच्या पानाएवढ्या जागेत किती श्वसनमुळं आहेत ते मोजायला सांगा. एका खेकड्याने दोन मिनिटांत किती वेळा आकडा हलवला ते मोजू द्या. मोठ्या मुलांना कागद-पेन्सिल देऊन एकाच झाडाचं चित्र काढायला बसवा, मुळांपासून शेंड्यापर्यंत. मी हे चौथीच्या मुलांबरोबर केलं आहे. चाळीस मिनिटं एकही मूल उठलं नाही आणि एका मुलीने पानावरचे मिठाचे कणसुद्धा टिंबं टिंबं देऊन काढले होते.

फक्त गेव्याच्या झाडापासून जपा. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर फार आग होते. साधा नियम ठेवा, पान तोडायचं नाही आणि हात डोळ्याला लावायचा नाही.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांना झेपेल का?

झेपेल, पण त्यांच्या गतीने दिवस आखलात तरच. माहिती दालन आणि लाकडी वाट बहुतेकांना सहज जमते. अडचण बोटीत चढताना-उतरताना येते, कारण बोट हलत असते आणि पाण्याच्या पातळीप्रमाणे पायरी उंच-खोल होते. गुडघे दुखत असतील तर एकाने आधी उतरून हात द्यायचा. चक्कर येण्याचा त्रास असेल तर बोटीचा आग्रह धरू नका. घोळक्यातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला जे जमेल तेच आधी ठरवावं आणि बाकीच्यांनी आपली हौस दुसऱ्या खेपेला भागवावी. सासूबाईंना सावलीच्या बाकावर बसवून घरातले बाकी सगळे दीड तास बोटीत गेलेले मी पाहिले आहेत. त्या काही बोलल्या नाहीत, पण पाण्याची बाटलीसुद्धा त्यांच्याजवळ नव्हती.

व्हीलचेअर न्यायची असेल तर आधी केंद्रात विचारून ठेवा. औषधाच्या वेळा सांभाळा. बोटीआधी स्वच्छतागृहात जाऊन या, नंतर तासभर सोय नसते.

बोटीचं आरक्षण मिळालं नाही. आता?

नेरूळला जा. ओहोटीला फ्लेमिंगो खाडीतल्या चिखलावर चरतात. भरतीने चिखल झाकला की त्यांना उथळ पाण्याची जागा लागते, तेव्हा ते पाम बीच रस्त्यालगतच्या टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळीवर आणि सीवूड्सच्या डीपीएस तलावावर येऊन विसावतात. म्हणजे बोटीचीच वेळ धरायची, फक्त जागा बदलायची. काठावर उभं राहून साध्या डोळ्यांनीही थवा दिसतो. नवी मुंबई स्वतःला फ्लेमिंगोंचं शहर म्हणवते ते या जागांमुळे. हे तलाव भरावाखाली गेले किंवा त्यांत खाडीचं पाणी येणंच बंद झालं तर भरतीच्या वेळी या पक्ष्यांना बसायला जागा उरणार नाही आणि मग ऐरोलीच्या बोटीतूनही काही दिसणार नाही. एकाच थव्याची ही दोन घरं आहेत. काठावर राहणाऱ्या लोकांनी या पाण्यासाठी जो आवाज उठवला त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

काठावर जाताना थव्याच्या दिशेने चालत जाऊ नका. माना एकदम ताठ झाल्या आणि सगळे एका बाजूला सरकायला लागले की तुम्ही फार जवळ आलात असं समजा आणि मागे या.

नुसतं मोकळ्या हवेत चालायचं असेल तर नेरूळचंच ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यान आहे. तलावाभोवती फेरी मारता येते आणि संध्याकाळी बगळेही दिसतात.

फोटो काढायचे आहेत. कुठली वेळ चांगली?

सकाळची, आणि पाणी चढतं असताना. चढतं पाणी पक्ष्यांना हळूहळू काठाकडे ढकलतं. सूर्य पाठीशी राहील असं बसा, बोटीत ते आधी विचारून घ्या. बोट हलते म्हणून शटर वेगवान ठेवा, हजारांश सेकंदाच्या आसपास. लेन्स तीनशे मिलिमीटरची तरी हवी. मोबाइलने पक्ष्यांच्या मागे लागू नका, त्यातून गुलाबी ठिपकेच येतात. मोबाइल मुळं, पानं आणि खेकडे टिपायला चांगला. फ्लॅश बंद. थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवायला किंवा बोट थव्यात घालायला सांगणारे लोक आहेत. दूरचा प्रवास करून आलेल्या आणि पोट भरायला बसलेल्या पक्ष्याला पुन्हा पुन्हा उठवणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढणं. बोटवाला तयार असला तरी आपण नको म्हणायचं.

दुर्बीण लागते का?

असली तर दिवस दुप्पट चांगला जातो. ८×४२ ची पुरते. त्याहून जास्त ताकदीची बोटीत स्थिर राहत नाही. चार जणांत एक असली तरी चालेल.

कपडे, बूट, डास?

पूर्ण बाह्यांचे, फिकट मातकट रंगाचे सुती कपडे. लालभडक आणि पांढराशुभ्र टाळा. टोपी हवीच, बोटीत पाण्यावरून परतलेलं ऊनही लागतं. पायात मागून बंद असलेले बूट किंवा सँडल. साधी चप्पल ओल्या लाकडावर घसरते. डास सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर खूप असतात, मलम घरूनच लावून निघा. मार्च-एप्रिलमध्ये माणशी लिटरभर पाणी ठेवा, स्टीलच्या बाटलीत.

कुरवांना शेव-गाठ्या घातल्या तर चालतात का?

नाही. हे मी हात जोडून सांगते. शेकडो कुरव डोक्यावर घिरट्या घालतात तेव्हा छान वाटतं हे खरं, पण तळलेलं आणि खारवलेलं बेसन त्यांच्या पोटासाठी नाही. मासे आणि किडे धरून खाणारे हे पक्षी हिवाळ्यापुरते येतात आणि परत लांब उडून जायचं असतं त्यांना. पिशव्या पाण्यात पडतात ते वेगळंच. सोबतच्या कुणी पुडा काढलाच तर तो मुलांमध्ये वाटून टाका.

चिखलात उतरता येईल का? गळ टाकता येईल का?

उतरू नका. वरून घट्ट दिसणारा चिखल गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत धरतो आणि त्यात शिंपल्यांच्या, काचांच्या धारा असतात. पाणी चढायला लागलं की निघायला वेळ मिळत नाही. काठावरच्या गावांतले कोळी आणि आगरी लोक त्याच चिखलात चालतात आणि चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबी काढतात. कुठे पाय टाकायचा हे त्यांना लहानपणापासून माहीत असतं. ते त्यांचं पोट आहे, आपल्या करमणुकीसाठी त्यांच्या जाळ्यांना हात लावू नये. त्यापेक्षा पाग कसा फेकतात ते लांबून बघा. हातातलं जाळं हवेत उघडून गोल होऊन पाण्यावर पडतं, ते बघून कुणाचंही मन भरावं. जमलं तर बोलाही. पूर्वी खाडीत कुठली मासळी मिळायची आणि आता किती उरली, हे त्यांच्याकडून ऐकण्यासारखं असतं.

साप, कोल्हे असतात म्हणे. भीती आहे का?

दोन्ही आहेत. या कांदळवनात सोनेरी कोल्हे राहतात, पण ते माणसाला टाळतात आणि बहुतेक अंधारात फिरतात. दिवसा दिसला तर ते तुमचं नशीब. साप दिसला तर थांबा आणि त्याला जाऊ द्या. वाट सोडून झाडीत शिरला नाहीत तर काळजीचं कारण नाही.

वाढदिवस, स्पीकर, ड्रोन?

हे अभयारण्य आहे. स्पीकर नाही, फुगे नाहीत, परवानगीशिवाय ड्रोन नाही. केक घरी कापा.

मुलांच्या हातून झाडं लावायची आहेत. रोपं घेऊन येऊ का?

हेतू चांगला आहे, पण आपल्या मनाने रोपं लावू नका. उघडा चिखल ही रिकामी जागा नाही, तो हजारो पक्ष्यांच्या जेवणाचं ताट आहे. ठाणे खाडीत गाळ साचून तिवरं आधीच चिखलावर पुढे सरकत आहेत, त्यात आपण भर घातली तर फ्लेमिंगोंची चरायची जागा आणखी आटेल. कुठे लावायचं आणि काय लावायचं हे वन विभागाच्या कांदळवन कक्षाने ठरवलेलं असेल तिथेच जा.

खरं काम करायचं असेल तर स्वच्छता मोहिमेत या. श्वसनमुळांमध्ये अडकलेलं प्लॅस्टिक भरतीबरोबर येतं आणि तिथेच राहतं. एका झाडाभोवतीच्या मुळांतून दुधाच्या पिशव्या, चपला आणि निर्माल्याचे प्लॅस्टिक काढायला दोन माणसांना अर्धा तास लागतो. हातमोजे घालून, ओहोटीच्या वेळेला आणि माहीतगार माणसाबरोबर. बारा वर्षांपुढच्या मुलांना हे नक्की जमतं.

पावसाळ्यात जावं का?

कांदळवनात नको. फ्लेमिंगो गेलेले असतात, बोटी बंद असतात, वाट निसरडी होते. त्या दिवसांत ठाणेकरांना येऊर आहे आणि पनवेलच्या पुढे कर्नाळा. ओढ्या-धबधब्यांवर त्या दिवशी जायला बंदी नाही ना, एवढं बघून निघा.

कसं जायचं आणि किती वेळ काढून ठेवायचा?

ठाणे-वाशी मार्गावरच्या लोकलने ऐरोली स्टेशन, तिथून रिक्षाने सेक्टर १० ची दिवा जेट्टी. रिक्षावाल्याला "फ्लेमिंगो सेंटर" म्हटलं की कळतं. अर्धा दिवस पुरतो. बोटीच्या वेळेआधी दीड तास पोचा, दालन आणि वाट आधी करून घ्या. पोळी-भाजीचा डबा आवारात जिथे परवानगी असेल तिथेच उघडा आणि खरकटं परत न्या, नाहीतर कावळे आणि कुत्री जमतात आणि पक्ष्यांच्या घरट्यांपर्यंत पोचतात. परतीची गाडी ठरवताना भरतीनंतर तासभर मोकळा ठेवा. पाणी उतरायला लागलं की पहिला ओला चिखल उघडा पडतो आणि लांब गेलेले थवे खाली उतरायला लागतात. नेमके त्याच वेळी बहुतेक लोक बसमध्ये बसत असतात.